भय आणि भरवसा

दिवाळी आली की आमच्या इमारतीच्या जिन्यात डब्यांची ये-जा सुरू होते. आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. पण चार मजल्यांवरच्या चकल्यांची तुलना करून निकाल देण्याचा मान मात्र आमच्याच घराकडे असतो. नाताळात तेच डबे करंज्या घालून परत जातात. रिकामा डबा परत करायचा नाही, हा नियम मराठी माणसाने धर्म बदलला तरी सोडलेला नाही.

परवा शेजारच्या काकू चिवड्याचा डबा घेऊन आल्या. एरवी त्या दारातच उभ्या राहून दहा मिनिटे बोलतात. या वेळी आत येऊन बसल्या, तेव्हाच मी ओळखले की काम चिवड्याचे नाही. त्यांचा धाकटा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नुकताच लागला आहे. खाते कोणते, तर प्रेस शॉप. काकूंची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली आणि लगेच खाली वळली. या हाताची दोन बोटे पेरापासून नाहीत. नवीन माणूस बघून न बघितल्यासारखे करतो. काकू वीस वर्षांच्या शेजारी. त्यांनी सरळच विचारले.

"तुम्ही परत कामावर कसे हो गेलात? भीती नाही वाटली? तुम्हां लोकांचा देवावर भारी विश्वास असतो म्हणतात. मला रात्री झोप लागत नाही."

मी म्हटले, "काकू, चहा घ्या. उत्तर लांब आहे."

ते त्या दिवशी पुरे सांगून झाले नाही. एकीकडे दिवाळी अंकाच्या लेखासाठी संपादकांची आठवण येऊन पडली होती. म्हटले, काकूंना सांगायचे ते चार घरांनी ऐकले तर काय बिघडले?

आमचे वडील १९६४ साली दौंडकडून पिंपरीला आले. इथे १९५४ मध्ये पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला होता, १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक महामंडळ स्थापन झाले होते आणि आकुर्डी, चिंचवड, भोसरी या गावांच्या ज्वारीच्या शेतांत पत्र्याच्या शेडी उगवू लागल्या होत्या. मी इथेच वाढलो, आयटीआय केले आणि एका लहानशा कारखान्यात प्रेसवर लागलो. मोठ्या गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे कंस, पट्ट्या, वॉशर आम्ही दाबून काढत असू.

पॉवर प्रेस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वर एक जड चाक सतत फिरत असते. खाली साच्याचे दोन भाग असतात. त्याला आम्ही डाय म्हणतो. पत्रा खालच्या भागावर ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचे. वरचा भाग कित्येक टनांच्या जोराने खाली येतो, पत्रा कापतो किंवा वाकवतो, आणि वर जातो. मग हात घालून तयार जॉब काढायचा आणि नवा पत्रा ठेवायचा. पाळीत हे हजारो वेळा. एक पेडल, एक ठोका, असा हिशेब असतो. क्लच झिजला, एखादी स्प्रिंग तुटली, की प्रेस एका पेडलला दोन ठोके देतो. दुसरा ठोका मागितलेला नसतो. त्या वेळी माणसाचा हात आत असतो.

१९८६ सालच्या एका सोमवारी सकाळी माझा हात आत होता.

पुढचे वर्णन दिवाळीच्या अंकात नको. विमा दवाखान्यात टाके पडले, जखम भरली, तीन महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असे लिहून दिले. हरकत हाताची नव्हती. आमच्या चाळीमागे एक शेड होती, तिथे दिवसभर प्रेसचा ठोका चाले. धप्प. धप्प. तो ऐकला की माझ्या तळहातांना घाम सुटे. रात्री अंधारात तोच आवाज डोक्यात. बोटे नव्हती त्या जागी ती असल्यासारखी दुखत. चोवीस वर्षांचा माणूस मी, पण आईने कढईत झारा आपटला तरी दचकायचा.

भेटायला येणारे सगळे चांगलेच लोक होते. आमचे पाळकसाहेब आले, प्रार्थना करून गेले. मंडळीतल्या बायका आल्या. प्रत्येकाचे सांगणे एकच : भिऊ नकोस, देवावर भरवसा ठेव. पवित्र शास्त्रात 'भिऊ नको' हे शब्द इतक्या वेळा आलेले आहेत की कुणालाही पाठ असावेत. मला ते ऐकून धीर यायचा सोडून राग येऊ लागला. अपघाताच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी उपासनेला गेलो होतो, गीते गायलो होतो, डबीत पैसे टाकले होते. भरवसा तर होता. मग सोमवारी तो कुठे गेला? हे कुणाला विचारावे? पाळकसाहेबांना विचारले असते तर त्यांना वाईट वाटले असते. वडिलांना विचारले असते तर ते रडले असते.

शेवटी एका रात्री ते आजीसमोर बाहेर पडले. आजी म्हणजे वडिलांची आई. तेव्हा ती पंचाहत्तरीच्या पुढे होती. ती लहानाची मोठी केडगावला झाली. दौंड तालुक्यातल्या, पंडिता रमाबाईंच्या केडगावला. मला वाटले, आजी आता भिऊ नकोस म्हणणार. ती म्हणाली :

"भ्यायचं नाही असं कसं होईल रे? हात गेलाय तुझा. माझी आई सत्तर वर्षं भ्याली."

मग तिने आपल्या आईची, म्हणजे माझ्या पणजीची, गोष्ट सांगितली. तोवर ती मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. पुरी कधी ऐकली नव्हती.

पणजी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आलेली मुलगी. वय आठ-नऊ असावे. गावाचे नाव तिला नीट सांगता येत नसे. आईबाप कुठे सुटले तेही आठवत नसे. मुक्तीत तिला पोटभर खायला मिळू लागले तरी रोज रात्री ती अर्धी भाकरी उशाखाली ठेवून झोपायची. उद्या मिळाली नाही तर? अशा पुष्कळ मुली होत्या म्हणे. कुणी रागावले नाही. लग्न झाले, मुले झाली, नातवंडे झाली. उशाखालची अर्धी भाकरी गेली नाही. मात्र एक बदल होत गेला. सकाळी उठले की ती भाकरी दारात येणाऱ्या पहिल्या भुकेल्या जिवाला द्यायची. कधी भिकारी, कधी शाळेला निघालेले शेजारचे पोर, कुणी नसले तर कुत्रे. "भीती तिची राहिली," आजी म्हणाली, "पण पोट दुसऱ्याचं भरायला लागलं."

आणि ज्या बाईने तिला आणले, आजी पुढे म्हणाली, ती काय न भिणारी होती होय?

पंडिता रमाबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक आहे. संस्कृतच्या पंडिता, स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या, शारदासदनाच्या संस्थापक. पुस्तकात एक पान असते आणि पानावर एक चित्र असते. त्या चित्रातल्या बाईने किती भीती पाहिली होती ते त्या पानात मावत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकामुलींना संस्कृत शिकवल्याबद्दल लोकांचा रोष पत्करलेले. तीर्थयात्रा आणि पुराणे यांवर कुटुंबाचा चरितार्थ. १८७० नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचे सगळे संपले. अंगमेहनतीचे काम कधी केलेले नाही, भीक मागायची लाज, असे ते ब्राह्मण कुटुंब झाडपाला खात रानात फिरत राहिले. अखेर उपासाने आधी वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे पुरेनात म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदेकऱ्यांत उभे राहायचे ठरवले. त्या बुटक्या. खांद्याची उंची जुळेना, तेव्हा त्यांनी ओझे डोक्यावर घेतले. पुढे त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेपर्यंत गेले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर घालायला काही नव्हते. तेव्हा वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून बहीण-भावाने त्यांत झोपायचे आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

त्यानंतर कलकत्ता, पंडिता ही पदवी, लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, हातात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ झाले ते इथे उगाळत नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. खर्च अमेरिकेतल्या मित्रमंडळींचा. त्यांनी दहा वर्षांची हमी घेतली होती आणि तीही संपत आली होती.

अशा वेळी १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. मला या ठिकाणी नेहमी थांबावेसे वाटते. दुष्काळ म्हणजे काय हे वर्तमानपत्रात वाचणारे लोक पुण्यात पुष्कळ होते. ज्या बाईने आई, बाप, बहीण दुष्काळात घालवले, तिला त्या बातमीचा वास आला असेल. तिने ते वर्तमानपत्र मिटून ठेवले असते तर कुणी नाव ठेवले नसते. हाताशी असलेला पैसा जेमतेम पन्नास मुलींना पुरेल एवढा. रमाबाईंच्या मनाने घेतले की देव तीनशे मुली वाचवायला सांगतो आहे. एवढ्यांना कशावर पोसणार, असे लोक विचारीत; आणि शिल्लक तर काहीच नव्हती, हे त्यांनीच लिहिले आहे. तरी त्या गेल्या आणि तिथल्या दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून मुली गोळा करून घेऊन आल्या.

आणल्या तेव्हा पुण्यात प्लेग. १८९७ हे साल आमच्या चिंचवडकरांना वेगळ्या कारणाने पाठ असते. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून जो धुमाकूळ घातला, त्याच्या संतापातून २२ जूनच्या रात्री चिंचवडच्या चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. चापेकर चौकातून आपण रोज जातो. त्याच सरकारी प्लेग-व्यवस्थेविरुद्ध, इस्पितळात मुलींची जी आबाळ होत होती तिच्याविरुद्ध, त्या वर्षी रमाबाईंनीही वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि त्यावरून मुंबईच्या गव्हर्नरांची नाराजी ओढवून घेतली. दुष्काळातून आणलेल्या एवढ्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी नव्हती. केडगावला रमाबाईंनी थोडी जमीन घेऊन ठेवली होती. फळझाडे लावावीत, पुढे संस्थेला उत्पन्न होईल, या हिशेबाने. त्या उघड्या माळावर तंबू आणि गवताची छपरे उभी करून त्या मुलींना घेऊन राहिल्या. तिथेच मुक्तिसदन झाले. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

"बाईला भूक काय ते ठाऊक होतं," आजी म्हणाली. "म्हणून तर ती गेली. ठाऊक नसतं तर पुण्यात बसून चार आणे वर्गणी दिली असती."

मी विचारले, "आणि देवावर भरवसा?"

"होता की. पण विहिरी खणल्या ना रे तिनं!"

हे आजीचे वाक्य मी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरले आहे. केडगावचा माळ कोरडा. पाणी देव देईल, असा रमाबाईंचा भरवसा होता आणि त्या भरवशावर त्यांनी विहिरी खणून घेतल्या. धान्य देव देईल, म्हणून शेत नांगरले. मुलींना देव सांभाळील, म्हणून त्यांना माग, शिवण, सुतारी, छापखाना शिकवला. त्या प्रार्थनेला बसत तेव्हा तासन् तास बसत. आणि उठल्या की कुदळ कुठे आहे ते विचारीत.

आजीने रमाबाईंना पाहिले होते. पांढरे लुगडे, आखूड केस, कानाने कमी ऐकू येणारे. पणजी छापखान्यात कागद घडी घालायला होती. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या; अडाणी बाईला कळावे म्हणून. मुक्तीतल्याच मुली टाइप जुळवीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळे सोपवायचे ती. आजीला तो दिवस आठवत होता. साऱ्या आवारात कुणी मोठ्याने बोलत नव्हते. रमाबाई पुन्हा कागद पुढे ओढून बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्याआधी भाषांतराचे काम पुरे झाले होते. पुस्तक १९२४ मध्ये निघाले.

आता काकू, तुम्ही म्हणाल, ही मोठ्या माणसांची गोष्ट झाली. आपल्यासारख्यांनी काय करायचे? मीही आजीला तेच म्हणालो. तिने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन ती दारात उभी. म्हणाली, "चल. गेटापर्यंत."

मी म्हणालो, "मी आत जाणार नाही."

"कोण म्हणतंय आत जा म्हणून? गेटापर्यंत."

आम्ही गेटापर्यंत गेलो. आतून ठोका ऐकू येत होता. मला घाम फुटला. आजीने वॉचमनला रामराम केला, त्याचे स्टूल मागून घेतले आणि बसली. त्याने विचारले, "काय आजीबाई, कुणाला भेटायचंय?" ती म्हणाली, "कुणाला नाही. नातू उभा राहणार आहे थोडा वेळ." मी अर्धा तास उभा राहिलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेट. तिसऱ्या दिवशी शेडच्या दारापर्यंत. आजी स्टुलावर, वॉचमनशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारीत. पाचव्या दिवशी मी प्रेससमोर उभा राहिलो. माझ्या जागी दुसरा मुलगा काम करीत होता. त्याचा हात आत जाई आणि बाहेर येई. मी डोळे मिटून घेई.

शेजारच्या प्रेसवर एक वारकरी सोबती होता. गळ्यात तुळशीची माळ; आम्ही त्याला माउलीच म्हणायचो. दर एकादशीला कामावर येण्याआधी देहूला जाऊन यायचा. त्याने प्रेस बंद केला, माझ्याजवळ आला आणि माझा हात, बोटे नसलेला, आपल्या दोन्ही हातांत धरून उभा राहिला. काही बोलला नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले; आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोठ्या कृतज्ञतेने सांगत. देहूपासून चार कोसांवर त्या प्रेस शॉपमध्ये मला त्या पुलाचा अर्थ कळला.

मी सोमवारी कामावर रुजू झालो. भीती गेली होती म्हणाल, तर नाही. ती माझ्याबरोबर पंच करून आत आली. फक्त आता तिला मी काम दिले.

भीतीने मला दाखवले की हात कुठे जातो. त्या जागी जाळी हवी. पेडलऐवजी दोन बटणे हवीत, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय ठोका पडणारच नाही. क्लच आणि स्प्रिंग पाळी सुरू होताना तपासायला हवी. हे मी काही नवे शोधले नव्हते. पुस्तकांत होते, कायद्यातही यंत्राला आडोसा हवा असे होते. आमच्या शेडमध्ये नव्हते, एवढेच. मी आणि माउली आणि आणखी तिघे साहेबांकडे गेलो. जाळी बसवली तर माल कमी निघेल, असे उत्तर मिळाले. माझे पाय लटपटत होते. नोकरी जाण्याची भीती ही बोटे जाण्याच्या भीतीहून लहान नसते. आम्ही पुन्हा गेलो. सहा महिने जात राहिलो. शेवटी एका प्रेसला जाळी बसली, मग दुसऱ्याला. माल काही दिवस कमी निघाला, मग पूर्वीइतका निघू लागला.

त्या सहा महिन्यांत एक जण मला म्हणाला, "तू देव मानतोस ना? मग जाळी कशाला मागतोस?" तो चेष्टेने म्हणाला होता, पण प्रश्न खोटा नव्हता. शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत झेलतील. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असे सांगून पायऱ्या उतरावे तसा तो विषय संपवतो. जाळीशिवाय हात घालणे ही ती उडी आहे. आणि हाच येशू, मरणाच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत इतका व्याकूळ झाला की हा प्याला टळू दे अशी त्याने विनवणी केली. मला भिऊ नकोस म्हणणाऱ्यांपैकी कुणीही मला त्या रात्रीची आठवण दिली नव्हती. जो देव स्वतः भ्याला, त्याच्यापुढे आपली भीती लपवायचे कारण उरत नाही. माझा सोमवारचा प्रश्न, भरवसा कुठे गेला हा, मी अजूनही पुरता सोडवलेला नाही. देवाने माझी बोटे का वाचवली नाहीत ते मला माहीत नाही. गेटाबाहेर स्टुलावर कोण बसले होते ते माहीत आहे.

भीतीला काम दिले नाही तर ती आपल्याला कामाला लावते, हेही सांगायला हवे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनात असे काही बसले की ते जन्मभर सोवळ्याओवळ्यात गुरफटले. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात नको. सारे घर त्या धुण्यात हैराण. वाचताना हसू येते आणि मग येत नाही. फाशीची भीती होती. ती धुऊन निघण्यासारखी नव्हती, म्हणून माणूस जिन्नस धूत बसला. आणि त्याच घरातली मुलगी पुढे नवऱ्यामागून पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाली आणि कुणाच्याही हातचे पाणी प्यायली.

आपणही २०२० मध्ये भाजी धुतली, दुधाच्या पिशव्या धुतल्या. ते बरोबरच होते. पण त्या एप्रिलमध्ये चाकण, भोसरीच्या खोल्यांतून परप्रांतातले कामगार हातावर पोट घेऊन अडकले होते आणि काही रस्त्याने चालत निघाले होते. आमच्या इमारतीत पहिले चार दिवस सगळी दारे बंद. पाचव्या दिवशी माझ्या बायकोने दुप्पट पीठ मळले. काही न बोलता. तोंडाला फडके बांधून आम्ही जिन्यातून खाली उतरलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूही डबा घेऊन उतरत होत्या. होय काकू, त्या तुम्हीच. हात तुमचाही कापत होता. तुम्ही मला विचारता, भीती नाही वाटली का? तुम्ही कशा उतरलात ते आठवा.

तुमच्या मुलासाठी मी दोन गोष्टी करणार आहे. एक, रोज रात्री प्रार्थनेत त्याचे नाव घेणार. दुसरी, येत्या रविवारी त्याला घरी पाठवा. मी त्याला विचारणार आहे की त्याच्या प्रेसला दोन बटणे आहेत का, जाळी आहे का, पडदा-किरण आहे का, आणि असला तर तो कुणी बंद करून ठेवलेला नाही ना. हल्ली नव्या प्रेसना प्रकाशकिरणांचा पडदा असतो. हात आत गेला की यंत्र थांबते. पण घाईच्या वेळी तो बंद करणारे हातही असतात. मुलगा संकोचेल. नवीन नोकरी आहे, विचारायला भिईल. मग आपण दोघे त्याच्याबरोबर गेटापर्यंत जाऊ. वॉचमन स्टूल देतो. माझा अनुभव आहे.

आजी १९९४ मध्ये गेली. तिच्या उशाखाली काही नव्हते. पण आमच्या घरी आजही रात्री एक पोळी जास्तीची होते. कुणासाठी ते ठरलेले नसते. सकाळी ठरते.

चिवडा उत्तम झाला होता काकू. डबा नाताळात येईल.